बाजार मूठभरांच्या हातात गेलाय का आणि त्याने दरी वाढतेय का, हे स्वतः कसं तपासायचं

"सगळं मार्केट चार जणांनी खाल्लंय" असं आपण सगळेच म्हणतो, आणि त्याच दमात "म्हणूनच श्रीमंत अजून श्रीमंत होतायत" हेही जोडून टाकतो. दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, पण पहिल्यावरून दुसरं आपोआप निघत नाही, मधे बरंच काही घडावं लागतं आणि तेच कोणी बघत नाही. बघायला डिग्री वगैरे लागत नाही, एक स्प्रेडशीट, एक मोकळा रविवार आणि जरा चिवटपणा पुरतो. मी हे बऱ्याचदा केलंय आणि बऱ्याचदा चुकलोय पण, तर कसं करायचं ते सांगतो आणि कुठे घसरायला होतं तेही सांगत जातो.

सगळ्यात आधी मार्केट म्हणजे नक्की काय ते ठरवा. हे ऐकायला फालतू वाटतं पण निम्म्या चुका इथेच होतात, कारण मार्केट मोठं धरलं की कोणीही मक्तेदार दिसत नाही आणि छोटं धरलं की सगळेच दिसतात. शीतपेयाची कंपनी म्हणणार आमची स्पर्धा पाण्याशी सुद्धा आहे, आणि तिच्यावर खटला भरणारा म्हणणार मार्केट फक्त कोलाचंच. मर्जर, म्हणजे दोन कंपन्यांचं एक होणं, तपासणारे लोक यासाठी एक साधा प्रश्न वापरतात: समजा ही वस्तू विकणारा एकच जण असता आणि त्याने भाव ५ ते १० टक्के वाढवून तसाच ठेवला, तर त्याला ते परवडलं असतं का, की गिऱ्हाईक दुसरीकडे पळाल्याने तो तोट्यात गेला असता? पळणार असेल तर ज्या वस्तूकडे पळणार ती पण तुमच्या मार्केटमधे घ्या, आणि परत तोच प्रश्न विचारा. नकाशाही तसाच ठरवायचा. सिमेंट जड असतं, लांब नेलं की वाहतुकीतच पैसा जातो, म्हणून त्याचं मार्केट भागाभागाचं असतं, सॉफ्टवेअरला ही अडचण नाही.

नकाशावरून आठवलं, अमेरिकेच्या आकड्यांत एक गंमत सापडते. देश म्हणून बघितलं तर केंद्रीकरण, म्हणजे धंदा थोड्या कंपन्यांच्या हातात जाणं, वाढलेलं दिसतं, पण तेच एकेका शहराच्या पातळीवर बऱ्याच धंद्यांत कमी झालेलं दिसतं, कारण मोठी साखळी एखाद्या नव्या गावात शिरते तेव्हा तिथल्या दुकानांत एकाची भर पडते, आणि देशाच्या हिशोबात मात्र ती साखळी अजून फुगते. म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या उलट बोलत असतील आणि दोघंही बरोबर असतील असं होऊ शकतं. तुम्ही कुठल्या पातळीवर मोजताय ते शीटच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवा, नंतर स्वतःलाच आठवत नाही.

मग नावांची यादी. इथे ब्रँड मोजायचे नाहीत, मालक मोजायचे. बुकिंग डॉट कॉम, अगोडा, प्राइसलाइन आणि कयाक अशा चार ठिकाणी हॉटेलचे भाव पडताळून बघितले आणि फार हुशारी केली असं वाटत असेल तर चारही साइट एकाच ग्रुपच्या आहेत. रे-बॅन, ओकली आणि पेरसोल हे तीनही चष्मे एकाच घरचे. म्हणून प्रत्येक ब्रँडच्या पुढे "मालक कोण" असा कॉलम टाका, आणि तो भरून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कंटाळवाणं काम आहे पण यादी किती आखडते ते बघूनच अर्धं चित्र कळतं.

मग प्रत्येक मालकाचे विक्रीतले वाटे कुठून आणायचे? लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल असतात, त्यात सेगमेंटनुसार विक्री दिलेली असते. कंपनी पहिल्यांदा शेअर बाजारात येते तेव्हाच्या माहितीपत्रकात इंडस्ट्रीवर अख्खा विभाग असतो, तो सोन्यासारखा, फक्त प्रत्येक कंपनी स्वतः पहिल्या नंबरावर येईल असं मार्केट आखते एवढं लक्षात ठेवून वाचायचा. माझ्या मते सगळ्यात भारी माल स्पर्धा आयोगांच्या मर्जरवरच्या निकालपत्रात असतो. त्यात मार्केट कसं आखलं, कोणी काय हरकत घेतली, कोणाचा वाटा किती, हे बऱ्यापैकी सविस्तर असतं आणि फुकट असतं, आणि तरी ते फारसं कोणी उघडत नाही.

आता हिशोब. सगळ्यात सोपा म्हणजे पहिल्या चार कंपन्यांचे वाटे मिळवायचे. पण हा आकडा फसवतो. समजा एका मार्केटमधे पाच कंपन्या आहेत, वाटे ३०, २५, २०, १५ आणि १० टक्के. पहिल्या चौघांचे झाले ९०. दुसऱ्या मार्केटमधे एकाच कंपनीकडे ७५, तिघांकडे ५-५, आणि उरलेल्या दहा चिल्लर कंपन्यांकडे एकेक टक्का. इथेही पहिल्या चौघांचे ९०च! पण पहिल्यात बऱ्यापैकी मारामारी आहे आणि दुसऱ्यात एक हत्ती आहे आणि बाकी त्याच्या पायाखाली. म्हणून वर्ग करायचे, प्रत्येकाचा वाटा स्वतःनेच गुणायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. पहिल्याचे ९०० अधिक ६२५ अधिक ४०० अधिक २२५ अधिक १००, म्हणजे २२५०. दुसऱ्याचे ५६२५ अधिक ७५ अधिक १०, म्हणजे ५७१०. याला हर्फिंडाल-हर्शमन इंडेक्स म्हणतात, बोलताना नुसतं एचएचआय. पूर्ण मक्तेदारी असेल तर १००च्या वर्गाने १०,००० येतात, हजारो बारीक विक्रेते असतील तर शून्याच्या आसपास. अमेरिकेच्या २०२३च्या मर्जर मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८००च्या वर गेलं की मार्केट "फारच केंद्रित", त्याआधी २०१०च्या तत्त्वांमधे हीच रेघ २५००वर होती. म्हणजे रेघ माणसांनी आखलेली आहे, निसर्गाने नाही, एवढं डोक्यात असू द्या. आमचं ते २२५०वालं मार्केट २०२२ मधे "मध्यम" होतं आणि २०२३च्या शेवटी "फारच केंद्रित" झालं, आत काहीही न बदलता.

मर्जरची बातमी आली की एक शॉर्टकट आहे: दोघांचे वाटे गुणा आणि दुप्पट करा, तेवढा एचएचआय वाढतो. १५ आणि १० वाले एकत्र आले तर ३०० वाढणार, २२५०चे २५५०. २०२३च्या तत्त्वांत १८००च्या वरच्या मार्केटमधे १००पेक्षा जास्त वाढ झाली की मर्जर घातक आहे असं आधी गृहीत धरतात आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी कंपन्यांवर येते.

इथपर्यंत बरेच लोक येतात आणि आकडा स्क्रीनशॉट काढून टाकतात आणि लिहितात "बघा विषमता!" अहो, विषमतेचा अजून एक शब्दही मोजलेला नाहीये. तुम्ही फक्त किती जण विकतायत ते मोजलंत. खरं काम इथून पुढे आहे, आणि ते दोन प्रश्नांचं आहे. एक, कमी स्पर्धेमुळे जो जादा पैसा निघतो तो कोणाच्या खिशातून निघतो? दोन, तो कोणाच्या खिशात जातो?

जादा पैसा निघतोय का हे आधी बघा. आब्बा लर्नर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९३४ मधे सोपं माप दिलं, किमतीतून शेवटचा नग बनवायचा खर्च वजा करा आणि किमतीने भागा. १०० ला विकतोय आणि खर्च ६० तर ०.४. बाहेरच्या माणसाला खरा खर्च कळत नाही, त्यामुळे आपण नफा-तोटा पत्रकातून ढोबळ मार्जिनवर (विक्रीतून फक्त माल बनवायचा खर्च वजा करून उरतं ते) भागवायचं, आणि एका वर्षाचं नाही तर दहा-पंधरा वर्षांचं. दे लोकर, एकहाउट आणि उंगर यांनी २०२० मधे अमेरिकन कंपन्यांचं असंच मोठ्या प्रमाणावर काम छापलं, त्यात सरासरी मार्कअप १९८० मधे खर्चाच्या वर २१ टक्के होता तो २०१६ मधे ६१ टक्के झाला असं निघालं. यावर वादही भरपूर झाला, कारण जाहिरात, ऑफिस, संशोधन हे खर्च धरायचे की नाही यावर आकडा बराच हलतो, धरले तर वाढ खूप कमी दिसते. म्हणून तुमच्या शीटमधे ढोबळ मार्जिन आणि निव्वळ मार्जिन (सगळे खर्च वजा करून उरतं ते) दोन्ही ठेवा. दोन्ही वर चढत असतील तर मामला गंभीर.

आता मुख्य गोष्ट, यासाठी मी एक छोटं खेळणं वापरतो. दहा घरं घ्या. नऊ घरांचं उत्पन्न प्रत्येकी २० आणि एकाचं २००, चलन कुठलंही धरा. नऊ घरं एका गरजेच्या वस्तूवर प्रत्येकी ४ खर्च करतात, मोठं घर ९ करतं. स्पर्धा कमी झाली आणि भाव १० टक्के वाढला, वस्तू गरजेची म्हणून कोणी घ्यायचं थांबवलं नाही. छोट्या घरांनी प्रत्येकी ०.४ जादा दिले, नऊ घरांचे मिळून ३.६. मोठ्या घराने ०.९. एकूण ४.५ कंपनीकडे गेले. कंपनीचे शेअर कोणाकडे? मोठ्या घराकडे ८० टक्के, बाकी नऊ जणांकडे मिळून २० टक्के. तर ४.५ मधले ३.६ मोठ्या घरात परत आले आणि प्रत्येक छोट्या घरात ०.१. हिशोब लावा: छोटं घर ०.४ देऊन ०.१ घेतंय, म्हणजे ०.३ तोटा. मोठं घर ०.९ देऊन ३.६ घेतंय, २.७ फायदा. नऊ घरांचा तोटा मिळवलात तर तोही २.७च. एक पैसा कुठे हरवला नाही, फक्त जागा बदलली. दोघांमधे आधी दहापट अंतर होतं ते आता १०.२९ पट झालं, आणि हे फक्त एका वस्तूत.

तर या सगळ्याची किल्ली एकच: खर्चातला वाटा आणि मालकीतला वाटा यांत किती फरक आहे. मालकी खर्चाइतकीच पसरलेली असती तर मक्तेदारीने अकार्यक्षमता आली असती पण दरी फार वाढली नसती. प्रत्यक्षात तसं कुठेच नसतं. अमेरिकेत २०१६च्या आकड्यांवर गान्स, ली, श्माल्झ आणि ट्रिग्ज यांनी हेच बघितलं, तर वरचे २० टक्के लोक खर्च करतात साधारण खालच्या ६० टक्क्यांइतका, पण त्यांच्याकडे शेअर मात्र १३ पट. कोणी म्हणेल की सामान्य माणसाचेही पेन्शन फंडातून शेअर असतातच की. असतात, आणि ते धरायलाच पाहिजेत, वरच्या खेळण्यातले ०.१ तेच आहेत. धरूनसुद्धा वजाबाकी उलटी होत नाही एवढंच.

तुमच्या देशासाठी हे करायचं तर दोन सर्व्हे शोधा, एक कुटुंबांच्या खर्चाचा आणि एक संपत्तीचा. खर्चाच्या सर्व्हेतून तुमची वस्तू गरिबांच्या बजेटचा किती भाग खाते ते काढा. औषधं, वीज, मोबाइल डेटा यातली मक्तेदारी आणि आलिशान बोटींमधली मक्तेदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरीने झाली तर श्रीमंतांचीच आपापसात अदलाबदल होईल. एचएचआय दोन्हीकडे सारखाच आला तरी.

आता जी बाजू बहुतेक लोक विसरतात ती, पगाराची. जसा विकणारा एकच असू शकतो तसा घेणाराही एकच असू शकतो, आणि आपण सगळे आपलं काम विकतोच ना. अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सनने १९३३ मधेच यावर लिहिलं आणि मोनोप्सनी हा शब्द रुळवला. नोकरी देणारे थोडे असले की पगार न वाढवताही माणूस टिकतो, कारण जाणार कुठे? यात माणूस दोनदा मार खातो, दुकानात जास्त देतो आणि महिन्याच्या शेवटी कमी घेतो.

हे मोजायला जॉब पोर्टल वापरा. एक काम ठरवा (नुसतं "आयटी" नको, "पेरोल अकाउंटंट" इतकं नेमकं), रोज ये-जा करता येईल एवढा भाग ठरवा आणि तीन महिन्यांच्या जाहिराती मोजा. समजा ४० सापडल्या: एका कंपनीच्या २०, मग ८, ६, ४ आणि २. वाटे झाले ५०, २०, १५, १०, ५ आणि एचएचआय ३२५०. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझा आकडा मस्त कमी आला आणि मी खुश, की वा, इथे भरपूर स्पर्धा आहे, आणि मग एका मित्राने शीट बघून विचारलं की या सात कन्सल्टन्सी कोणासाठी माणसं शोधतायत? एक-एक जाहिरात उघडून पत्ता बघितला तर पाच एकाच कंपनीसाठी, आणि त्यातल्या दोन तर तीच जाहिरात तारीख बदलून परत टाकलेली. सगळी रात्र गेली ते साफ करण्यात. तर कन्सल्टन्सीचं नाव मोजू नका, पत्ता आणि कामाचं वर्णन जुळतंय का ते बघा.

अजार, मारिनेस्कू आणि स्टाइनबाउम यांनी अमेरिकेतल्या ऑनलाइन जाहिरातींवर हेच मोठ्या प्रमाणात केलं, त्यात कमी केंद्रित भागाकडून जास्त केंद्रित भागाकडे गेलं की जाहिरातीतला पगार ५ ते १७ टक्के कमी दिसला. आणि कधीकधी कंपन्या नावाला वेगळ्या असून आपसात ठरवूनच टाकतात: २०१० मधे अमेरिकन न्याय विभागाने अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अडोबी, इंट्युइट आणि पिक्सार यांच्यावर एकमेकांची माणसं उचलायची नाहीत अशा आपसातल्या समझोत्यांवरून कारवाई केली, पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात त्यातल्या चौघांनी मिळून ४१.५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. एचएचआयमधे असलं काही दिसत नाही.

या बाजूचा माझा आवडता खटला पुस्तकांचा आहे. पेंग्विन रँडम हाऊस या प्रकाशकाला सायमन अँड शुस्टर हा दुसरा प्रकाशक विकत घ्यायचा होता, २०२२ मधे अमेरिकन कोर्टाने अडवलं. सरकारचा मुख्य मुद्दा वाचकाला पुस्तक महाग पडेल हा नव्हताच, लेखकाला मिळणारी आगाऊ रक्कम कमी होईल हा होता. मार्केट आखलं ते पण बघण्यासारखं: ज्या पुस्तकांना किमान अडीच लाख डॉलर आगाऊ मिळतात तेवढीच. त्यात दोघांचा मिळून वाटा ४९ टक्के. एवढं बारीक आखलेलं मार्केट कोर्टात टिकलं, म्हणून सुरुवातीला सांगितलं की आखणीवर वेळ घालवा.

आता सावध राहायचा भाग. केंद्रीकरण हे कारण असू शकतं तसा परिणामही असू शकतो. अर्थतज्ज्ञ हॅरल्ड डेमसेट्झने १९७३ मधे म्हटलं होतं की चांगली कंपनी स्वस्त आणि मस्त माल देऊन मोठी होते, त्यामुळे वाटाही वाढतो आणि नफाही, यात लबाडी कुठे आहे? मुद्दा दमदार आहे आणि तो झटकून टाकू नका. ओळखायचं कसं, तर भाव, नग आणि मार्जिन तिन्ही एकत्र बघा. वाटा वाढतोय, भाव उतरतोय आणि नग वाढतायत तर कंपनी कामाने जिंकतेय. वाटा वाढतोय, नग आहे तिथेच, मार्जिन फुगतंय, तर दुसरं काहीतरी शिजतंय. आणि दरी पहिल्या प्रकारातही वाढू शकते बरं का. अमेरिकेत १९७८ ते २०१३ मधे पगारातली विषमता जी वाढली त्यातला साधारण दोन-तृतीयांश भाग वेगवेगळ्या कंपन्यांमधल्या फरकाचा होता, एकाच कंपनीतल्या साहेब आणि कारकुनातला नाही. जास्त कमावणारी माणसं जास्त पगार देणाऱ्या कंपन्यांत गोळा होत गेली, बाकीचे मागे राहिले.

खात्री करायची असेल तर झटका शोधा, म्हणजे अशी तारीख जिच्या आधी आणि नंतर स्पर्धा एकदम बदलली. फ्रान्समधे जानेवारी २०१२ मधे फ्री मोबाइल ही चौथी कंपनी उतरली आणि मोबाइलचे दर धडाधड पडले. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंची दोन-दोन वर्षं शेजारी ठेवली की एचएचआयपेक्षा जास्त कळतं. पगारासाठी हॉस्पिटलची मर्जर बघा. प्रेगर आणि श्मिट यांनी २०२१ मधे अमेरिकेतली बघितली, तर जिथे मर्जरने केंद्रीकरण फार वाढलं तिथे नर्स आणि फार्मसीवाल्यांची पगारवाढ मंदावली, आणि साफसफाई किंवा कॅन्टीनवाल्यांवर तसा परिणाम दिसला नाही, कारण ते हॉस्पिटल सोडून दुसरीकडेही काम करू शकतात, नर्स कुठे जाणार. हा फरक दिसला म्हणूनच कारण आणि परिणाम असं म्हणायला बळ येतं. तुम्हीही तुलनेला असा एक गट ठेवाच, ज्याच्यावर परिणाम व्हायला नको.

गिनी गुणांकाच्या मागे मात्र लागू नका या कामात. तो अख्ख्या देशाच्या विषमतेचा एक आकडा असतो, कर, पेन्शन, लोकसंख्या सगळं त्यात मिसळलेलं, तुमच्या एका मार्केटचा ठसा त्यात दिसणारच नाही. त्यापेक्षा त्या धंद्यात निर्माण झालेल्या मूल्यातला किती टक्के भाग पगारात गेला आणि किती नफ्यात हे दरवर्षीचं काढा, वार्षिक अहवालात कर्मचारी खर्चाची ओळ असते त्यावरून जमतं, फक्त कंत्राटी कामगारांचा खर्च बहुतेक वेळा दुसऱ्याच ओळीत दडलेला असतो तो शोधून आणा.

शेवटी शीटमधे पाच कॉलम राहतात: वर्ष, एचएचआय, मार्जिन, पगाराचा वाटा आणि डिव्हिडंड अधिक बायबॅक (कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेते तो पैसा). शेवटचा कॉलम लोक टाकत नाहीत, पण पैसा मालकांकडे पोचतोय का हे त्यातच दिसतं. सहावा "काय घडलं" असा ठेवा आणि त्यात मर्जर, नवा खेळाडू, कायदा बदलला असलं तारखेसकट लिहा. मी माझी फाइल वर्षातून एकदा उघडतो, अहवाल आले की, आणि दरवेळी "मालक कोण" या कॉलममधे निदान एक नाव खोडून दुसरं लिहावं लागतं.